औषधाची चाचणी आणि आपली सही

दरवर्षी १४ एप्रिलच्या सुमारास आपल्याकडे रक्तदान शिबिर होते. किती पिशव्या रक्त जमले तो आकडा अहवालात येतो, दात्यांचा गुलाबपुष्प देऊन सत्कार होतो आणि विषय तिथे संपतो. त्या पिशव्यांचे पुढे काय होते याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. रक्तपेढीत प्रत्येक पिशवीची एच.आय.व्ही., हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया अशा पाच रोगांसाठी तपासणी होते. एखाद्या पिशवीत दोष आढळला तर ती नष्ट करतात आणि दात्याला एकट्याला बोलावून सांगतात.

२०१३ च्या एप्रिलमध्ये असे बोलावणे आमच्या दाजींना आले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच रक्त दिले होते. रक्तपेढीतल्या बाईंनी त्यांना ‘हिपॅटायटिस सी’ हा शब्द सांगितला, कागदावर लिहून दिला आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणून सांगितले. दाजींनी तो कागद खिशात घातला आणि घरी कोणालाही काही सांगितले नाही. अक्काच्या ध्यानात आले ते वेगळ्याच गोष्टीवरून. हा माणूस आपले ताट, वाटी आणि चहाचा कप स्वतः धुऊन फळीवर एका कडेला ठेवू लागला होता.

हा लेख त्यांच्या परवानगीने लिहितो आहे. “नाव घालू नको, बाकी सगळं लिही,” असे ते म्हणाले.

प्रथम त्या कपाबद्दल. हिपॅटायटिस सी हा यकृताचा, म्हणजे लिव्हरचा, विषाणूजन्य रोग आहे आणि तो रक्तातून रक्तात पसरतो. एकत्र जेवल्याने, एका कपातून चहा प्यायल्याने, हात मिळवल्याने, मिठी मारल्याने किंवा एका पाटावर बसल्याने तो होत नाही. न तपासलेले रक्त चढवणे, एकच सुई अनेकांना वापरणे, नीट निर्जंतुक न केलेली उपकरणे, गोंदवण्याची सुई, दुसऱ्याचा वस्तरा, नशेसाठी एकत्र वापरलेली सिरिंज हे त्याचे मार्ग. काही वेळा बाधित आईकडून बाळाला होतो. लैंगिक संबंधातून होणे तुलनेने कमी. आपल्या वाडवडिलांनी हॉटेलच्या बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपातून चहा प्यायला आहे आणि तो कप स्वतः धुऊन ठेवला आहे. त्यांच्याच नातवाने स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःसाठी तसाच कप काढून ठेवावा, हे दृश्य मी अजून विसरलेलो नाही. रोगाची माहिती नसली म्हणजे माणूस स्वतःच स्वतःला वाळीत टाकतो.

दाजींना हा विषाणू कुठून आला असेल? १९९४ साली त्यांना अपघात झाला होता आणि रक्त चढवावे लागले होते. हा विषाणू ओळखला गेला १९८९ साली. तोपर्यंत डॉक्टर ‘ए नव्हे आणि बीही नव्हे अशी कावीळ’ एवढेच म्हणत. (त्या शोधाबद्दल हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस या तिघांना २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.) आपल्या देशात दात्याच्या रक्ताची या रोगासाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१ साली. तेव्हा १९९४ चे रक्त हा एक अंदाज. लहानपणी आजारी पडल्यावर ज्या काचेच्या सिरिंजने गावाला इंजेक्शने मिळत, तो दुसरा अंदाज. खात्रीने सांगता येत नाही आणि आता त्याचा उपयोगही नाही.

हा रोग फार सावकाश चालतो. विषाणू शिरलेल्यांपैकी साधारण तीस टक्के लोकांच्या शरीरातून तो सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. उरलेल्यांत तो ठाण मांडतो. वर्षानुवर्षे काहीही जाणवत नाही. कावीळही बहुतेकांना होत नाही. वीसेक वर्षांत अशा रुग्णांपैकी १५ ते ३० टक्के लोकांचे यकृत आक्रसून कडक होण्याचा, म्हणजे सिरॉसिसचा, धोका असतो आणि त्यातून पुढे काहींना कर्करोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी आणि भारतात सुमारे ५५ लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. यांतील पुष्कळांना त्याची गंधवार्ता नसते. शिबिरातल्या तपासणीत आढळतात ती प्रतिपिंडे. ती आढळली म्हणजे विषाणू आज शरीरात आहेच असे नाही. त्यासाठी आर.एन.ए. ही दुसरी तपासणी करावी लागते. दाजींची ती केली आणि विषाणू सापडला.

आता मूळ विषय. २०१४ च्या पावसाळ्यात पुण्याच्या एका रुग्णालयात दाजींना विचारण्यात आले, “तुम्ही एका ट्रायलमध्ये भाग घ्याल का?” आणि १४ पानांचे माहितीपत्रक हातात देण्यात आले. दाजी ते घेऊन सरळ माझ्याकडे आले. मी बी.ए. झालेला आणि बँकेत काम करणारा, म्हणजे कागद वाचणे हा माझाच प्रांत, अशी आमच्या घरात समजूत आहे. औषधातले मला ओ की ठो कळत नव्हते. पण कागद कसा वाचावा आणि सही कुठे थांबवावी, एवढे नोकरीने शिकवले आहे. आम्ही चार संध्याकाळी ते माहितीपत्रक वाचले. मराठी होते, पण असे की एकेका वाक्याला दोनदा मागे जावे लागे. ‘यादृच्छिकीकरण’ या शब्दापाशी दाजींनी चष्मा काढून ठेवला.

तो शब्द म्हणजे सोडत. ग्रामपंचायतीचे आरक्षण जसे चिठ्ठ्या काढून ठरते, तसे कोणत्या रुग्णाला कोणते औषध मिळणार हे चिठ्ठीने, हल्ली संगणकाने, ठरते. डॉक्टरने आपल्या मर्जीने ठरवायचे नाही. मर्जीवर सोडले तर धडधाकट माणसे नव्या औषधाकडे आणि खंगलेली जुन्याकडे जाण्याची शक्यता असते; मग नवे औषध चांगले होते की माणसेच चांगली होती, हे कळणार कसे? बहुधा रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरलाही सांगत नाहीत की कोणाला काय मिळते आहे. काही वेळा एका गटाला हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. तिला प्लॅसिबो म्हणतात. दाजींच्या चाचणीत इंटरफेरॉनची इंजेक्शने आणि रिबाविरिनच्या गोळ्या, म्हणजे तेव्हाचे प्रचलित उपचार, सर्वांनाच मिळणार होते. त्यावर निम्म्यांना नवी गोळी आणि निम्म्यांना प्लॅसिबो.

नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याच्या पायऱ्या असतात. आधी प्राणी, मग मोजकी, बहुधा निरोगी माणसे, हा पहिला टप्पा: शरीराला सोसते का एवढेच पाहायचे. दुसऱ्यात थोडे रुग्ण: गुण येतो का आणि मात्रा किती. तिसऱ्यात शेकडो-हजारो रुग्ण आणि जुन्या उपचाराशी तुलना. चौथा टप्पा औषध विक्रीला आल्यानंतरचा. तुम्हाला विचारले आहे ते कोणत्या टप्प्यासाठी, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पहिल्या टप्प्यातल्या औषधाबद्दल डॉक्टरांनाही फारच थोडे ठाऊक असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण सुशिक्षित माणसांचीही इथे गल्लत होते. चाचणी म्हणजे उपचार नव्हेत. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे पाहून औषध बदलतो, कमी-जास्त करतो. चाचणीत आधीच लिहून ठरलेले वेळापत्रक असते आणि त्याचा हेतू तुमच्यानंतरच्या रुग्णांसाठी उत्तर शोधणे हा असतो. तुम्हाला गुण येईलही, पण तेवढ्यासाठी ती मांडलेली नसते. तोच डॉक्टर एका हाताने तुमची नाडी पाहतो आणि दुसऱ्या हाताने नोंदवही लिहितो. यात लबाडी काही नाही, पण दोन हात आहेत हे आपल्याला माहीत असावे.

वस्तीत ही बातमी पसरल्यावर दोन प्रकारचे सल्ले आले. एक, “मोठे डॉक्टर सांगतात तर डोळे मिटून हो म्हणा, फुकट औषध मिळतंय.” दुसरा, “आपल्यालाच का विचारलं? गरिबांना गिनिपिग करतात, अजिबात जाऊ नका.” दोन्ही सल्ले देणारी माणसे आपलीच आणि दोघांनाही काळजी खरी. केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी काय सांगितले, ते आपण विहारात अनेकदा ऐकले आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा सांगणारा गुरुस्थानी आहे म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. तो उपदेश पहिल्या सल्ल्याला जसा लागू पडतो, तसाच दुसऱ्यालाही.

दुसऱ्या सल्ल्यामागे मात्र इतिहास आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. मुंबईत प्लेगची साथ असताना डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना करण्यात आली. टोचलेल्यांत प्लेग पुष्कळच कमी झाला आणि लस देशभर गेली. हाफकिन यांचा मोठेपणा मी कमी करीत नाही. पण साथीच्या वेळी कोठडीत बंद असलेल्या कैद्याने ‘हो’ म्हटले, तर ते किती मोकळेपणाने म्हटलेले असते?

काविळीच्याच इतिहासात याहून कठोर उदाहरण आहे. अमेरिकेत न्यूयॉर्कमध्ये विलोब्रुक नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे कित्येक वर्षे तिथल्या काही मुलांना अभ्यासासाठी मुद्दाम काविळीचा संसर्ग देण्यात आला. आईवडिलांच्या सह्या घेतलेल्या होत्या. पण संस्था तुडुंब भरलेली असे, सर्वसाधारण प्रवेश बंद होता, आणि या अभ्यासाच्या विभागात मात्र जागा मिळे. लेकराला कुठेच ठेवता येत नसलेल्या आईपुढे तो कागद आला, तर ती काय करील?

आपल्या देशातले उदाहरण अलीकडचे आहे. २००९ साली आंध्र प्रदेशातील (आता तेलंगणातील) खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हजारो शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एच.पी.व्ही. लस एका अभ्यासाखाली देण्यात आली. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये तो थांबवण्यात आला. हे मृत्यू लशीमुळे झाल्याचे चौकशीत दिसून आले नाही, आणि ही लस जगभर उपयोगी ठरली आहे, हे मुद्दाम नमूद करतो. दोष होता तो संमतीचा. खम्ममच्या वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींच्या वतीने कित्येक अर्जांवर वॉर्डनने सह्या केल्या होत्या. ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या समितीने या प्रकारावर कडक ताशेरे ओढले. वसतिगृहात राहून शिकलेल्या आपल्यातल्या कोणालाही त्या मुलींचे वय आणि वॉर्डनचा शब्द या दोन्हींचे वजन वेगळे समजावून सांगायला नको.

नीट संमती घेऊन, उत्तम संस्थेत केलेली चाचणीही जिवावर बेतू शकते. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हिपॅटायटिस बी साठी फियालुरिडिन नावाच्या औषधाची चाचणी १५ रुग्णांवर सुरू झाली. आधी थोडे आठवडे देऊन पाहिले तेव्हा ते बरे वाटले होते. जास्त दिवस दिल्यावर त्याचे विष उशिरा वर आले. सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले आणि दोघे यकृतरोपणामुळे वाचले. कोणी फसवले नव्हते. ठाऊकच नव्हते. संमतीपत्रात ‘अद्याप ज्ञात नसलेले धोके’ असे शब्द असतात, त्यांचा अर्थ हा आहे.

असे असूनही चाचण्याच नकोत म्हणणे मला पटत नाही. आज ज्या गोळ्यांनी हा रोग बरा होतो, त्या गोळ्या कोणीतरी पहिल्यांदा, खात्री नसताना, घेतल्या म्हणूनच आपल्याला मिळाल्या.

आता कागदाकडे वळू. आमच्या काउंटरवर निरक्षर खातेदार अंगठा करतो, तेव्हा ओळखीचा साक्षीदार लागतो आणि अंगठा आमच्या समोर व्हावा लागतो. चाचणीच्या संमतीपत्राचा नियम याच जातीचा आहे. सहभागी होणाऱ्याला लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार पूर्ण वेळ हजर हवा. समजावून सांगणे त्या व्यक्तीला कळणाऱ्या भाषेत हवे. हे नियम वेळोवेळी कडक होत गेले. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयासमोरील प्रकरणानंतर संमतीचे चित्रीकरण आले; आता २०१९ च्या नियमांप्रमाणे संपूर्ण नव्या रसायनाच्या चाचणीत दुर्बल स्थितीतील व्यक्तींची संमती ध्वनिचित्रमुद्रित करावी लागते. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचे नाव लिहावे लागते. दाजी म्हणाले, “हे तर तुझ्या एफ.डी.च्या फॉर्मसारखंच आहे.” नॉमिनी विचारतात, कारण नुकसानभरपाईची तरतूद आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू आल्यास नियमाने ठरलेल्या सूत्राप्रमाणे भरपाई द्यावी लागते. गंभीर घटना घडली तर डॉक्टरने २४ तासांच्या आत वर कळवायचे असते.

सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला मिळालीच पाहिजे. ती मागून घ्यावी. पासबुकाशिवाय घरी जाणाऱ्या खातेदाराला आम्ही हाक मारून परत बोलावतो. इथे हाक मारायला कोणी असेलच असे नाही. चाचणी सरकारी नोंदणीत आहे का, हेही पाहावे. २००७ साली ही नोंदणी सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून देशातल्या प्रत्येक औषध-चाचणीला ती बंधनकारक आहे. नोंदणीचा क्रमांक विचारला तर द्यायला कोणाची हरकत नसावी. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठावे.

चाचणीला मंजुरी देणारी नैतिकता समिती असते. तिच्यात किमान सात सदस्य हवेत आणि त्यांत एक सामान्य नागरिक, एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार असला पाहिजे. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे हवेत. या ‘सामान्य नागरिका’च्या खुर्चीत आपल्यातले किती जण बसतात? निवृत्त शिक्षक आणि वकील आपल्याकडे पुष्कळ आहेत. माहितीपत्रकाचे मराठी सामान्य माणसाला कळते का, हे सांगण्यासाठी वैद्यकीय पदवी लागत नाही.

आणि कधीही, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. हे वाक्य त्या १४ पानांत तीन ठिकाणी होते. तरी दाजींनी डॉक्टरांना पुन्हा विचारले. बरे केले. कागदावर असलेले वाक्य माणसाच्या तोंडून ऐकल्यावर वेगळे वाटते.

चौथ्या संध्याकाळी आम्ही एका प्रश्नापाशी येऊन थांबलो, आणि माझ्या मते सगळा निर्णय त्या एकाच प्रश्नावर उभा असतो: चाचणीत गेलो नाही तर मला काय मिळेल? विलोब्रुकच्या आईला मिळाले असते ‘काहीच नाही’. म्हणून तिची सही ही सही नव्हतीच. दाजींचे उत्तर तेव्हा असे होते. चाचणीबाहेर इंटरफेरॉन घ्यायचे तर खर्च लाखाच्या पुढे. सहा महिने ते वर्षभर इंजेक्शने. ताप, अंगदुखी, रक्त कमी होणे, मन खचणे. चाचणीत तेच मोफत, शिवाय निम्मी शक्यता नव्या गोळीची. पण त्रास तोच, आणि पुण्याच्या फेऱ्या वेगळ्या. फेरीचे भाडे मिळणार होते. मोडलेल्या दिवसाची रजा मिळणार नव्हती. तिसरा पर्याय त्या पत्रकात ठळक नव्हता. तो दाजींनी तोंडी विचारल्यावर कळला. “डॉक्टर, मी आत्ता काहीच केलं नाही तर?” डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, तुमचे यकृत अजून कडक झालेले नाही, एक-दोन वर्षे थांबण्याने फार बिघडेल असे वाटत नाही, दर सहा महिन्यांनी तपासू. इंजेक्शनाशिवायच्या नुसत्या गोळ्या येऊ घातल्या आहेत.

त्या गोळ्यांपैकी सोफोसबुविर डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली होती. किंमत एका गोळीला १,००० डॉलर, १२ आठवड्यांना ८४,००० डॉलर. बँकेतल्या दराने गुणाकार केला आणि तो कागद मी दाजींना दाखवलाच नाही.

दाजींनी नकार दिला आणि थांबायचे ठरवले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्या कंपनीने काही भारतीय औषध कंपन्यांना सोफोसबुविर बनवण्याचे परवाने दिले. मार्च २०१५ मध्ये देशी गोळ्या बाजारात आल्या. २८ गोळ्यांच्या डबीची सुरुवातीची छापील किंमत १९,९०० रुपये होती. वर्षअखेरीस तिच्या जोडीची डॅक्लाटासविर आली. दाजींनी पतसंस्थेचे कर्ज काढले आणि जानेवारी २०१६ पासून १२ आठवडे रोज दोन गोळ्या घेतल्या. औषध संपल्यावर पुन्हा १२ आठवड्यांनी रक्त तपासले. विषाणू नव्हता.

यावरून ‘नकार दिला तेच शहाणपण’ असे कोणी म्हणेल तर मी अडवीन. त्याच सुमारास आपल्या देशात १४ केंद्रांवर सोफोसबुविर आणि रिबाविरिनची चाचणी झाली. तिच्यात ११७ रुग्ण होते आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिच्यात इंजेक्शन नव्हते, प्लॅसिबोही नव्हता; १६ आठवडे की २४ आठवडे, एवढीच सोडत होती. ९० टक्के किंवा त्याहून अधिक रुग्ण बरे झाले. या ११७ जणांनी दाजींच्या आधी, एक पैसा कर्ज न काढता, औषध घेतले. त्यांच्यासारखी चाचणी दाजींना विचारली असती तर मी स्वतः त्यांना गाडीत बसवून पुण्याला नेले असते. आणि दाजींचे यकृत आधीच कडक झालेले असते, तर थांबण्याचा सल्ला मी दिला नसता आणि डॉक्टरांनीही दिला नसता. दोन चाचण्या सारख्या नसतात. दोन रुग्णही नसतात.

आज उत्तर पुन्हा बदलले आहे. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली हिपॅटायटिस सी ची तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. यकृत बरे असेल तर दाजींनी घेतलेल्याच दोन गोळ्या, १२ आठवडे. सिरॉसिस असेल तर सोफोसबुविर आणि वेलपाटासविर. अशा गोळ्यांनी शंभरातले ९५ हून अधिक बरे होतात. तेव्हा आज कोणी नव्या रुग्णाला ‘ट्रायलला या, औषध फुकट मिळेल’ असे सांगितले, तर त्यातले ‘फुकट’ हे आमिष उरलेले नाही. ते जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी केल्यास चाचणीशिवायही मिळते. बरे करणारे औषध हाताशी असताना नुसता प्लॅसिबो घ्यायला कोणी सांगत असेल, तर का, हे खोदून विचारावे.

मग आता चाचणीत कोणी जावे? गोळ्यांचा एक कोर्स होऊनही विषाणू गेला नाही अशांनी विचार करावा. ज्यांचे यकृत फार बिघडले आहे आणि नेहमीचे औषध लागू पडत नाही, त्यांनीही. लशीची चाचणी निघाली तर निरोगी माणसेही लागतील, कारण या रोगाला अजून लस नाही. (हिपॅटायटिस बी ला आहे, मुलांना जरूर टोचून घ्या.) अमेरिकेत सी च्या एका लशीची चाचणी ५४८ जणांवर झाली आणि २०२१ साली निष्कर्ष आला की लशीने दीर्घकालीन संसर्ग टळत नाही. त्या ५४८ जणांचे श्रम वाया गेले असे मला वाटत नाही. हा रस्ता बंद आहे, एवढे त्यांच्यामुळे कळले.

एक सावधगिरी औषध घेणाऱ्या प्रत्येकासाठी. या गोळ्या विक्रीला आल्यानंतर असे आढळले की ज्यांच्या शरीरात सी बरोबर बी चाही विषाणू दडलेला असतो, त्यांच्यात सी गेल्यावर बी उसळी मारू शकतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. तोवर दोघांचा मृत्यू झाला होता. चाचण्यांमध्ये हे दिसले नव्हते, कारण बी असलेल्यांना चाचण्यांत घेतलेच नव्हते. म्हणून गोळ्या सुरू करण्यापूर्वी बी ची तपासणी झाली आहे ना, ते विचारा. चाचणीत कोणाला घेतले यापेक्षा कोणाला वगळले, हे विचारायची सवय मला तेव्हापासून लागली.

दाजी पूर्ण बरे आहेत. पण प्रतिपिंडे रक्तात कायम राहतात, त्यामुळे त्यांना पुन्हा रक्तदान करता येत नाही. गेली काही वर्षे ते शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसतात. रक्तदात्याच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरात एक ओळ असते: तपासणीत काही आढळल्यास मला कळवावे की नाही. बहुतेक जण न वाचताच सही करतात. दाजी पेन हातात देण्याआधी ती ओळ मोठ्याने वाचून दाखवतात, त्यामुळे रांग खोळंबते आणि कार्यकर्ते कुरकुर करतात.